आजींचं उत्तर आजींकडूनच घ्या: वृद्धांच्या शुश्रूषेवर पहिलं संशोधन करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष संपत आलं की विषयाची शोधाशोध सुरू होते. हल्ली बऱ्याच विद्यार्थिनी येऊन म्हणतात, "मॅडम, वृद्धांवर काहीतरी करायचंय." मला मनापासून आनंद होतो. २०११ च्या जनगणनेतच आपल्या देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती. महाराष्ट्रात शंभरातली जवळपास दहा, गोव्यात अकरा. त्यांची अंघोळ, खाणं, कूस बदलणं, रात्रीची उठबस हे सगळं आपल्याच हातून होतं. त्यामुळे त्यातले प्रश्नही आपल्यालाच आधी दिसतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे ती पदोपदी लागणार आहे. वृद्धांच्या संशोधनातली सगळ्यात मोठी चूक अगदी साधी असते: प्रश्न आजींना विचारला, उत्तर सुनेनं दिलं, आणि आपण ते आजींचं म्हणून लिहून घेतलं.

१. प्रश्न वॉर्डातून उचला

"वृद्धांच्या समस्यांचा अभ्यास" हा विषय होत नाही. ते नुसतं गावाचं नाव झालं, घर कुठलं ते सांगायला हवं. आणि घर सापडतं ते हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची माहिती देते तेव्हा.

एक उदाहरण देते. ऑर्थो वॉर्ड, सकाळचा हँडओव्हर. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले आजोबा. रात्रीची सिस्टर सांगते, "सात नंबर शांत झोपलेत, काही तक्रार नाही." तासाभरानं मुलगा चहा घेऊन येतो आणि धावत बाहेर येतो: "सिस्टर, बाबा मला ओळखत नाहीयेत." आजोबा शांत होते ते झोपेमुळे नव्हे, ते डिलिरियममध्ये (अचानक आलेल्या मानसिक गोंधळात) होते. जो पेशंट बरळतो, सलाइन उपटतो, तो सगळ्यांच्या लक्षात येतो. जो गप्प पडून राहतो, तो सुटतो. नातेवाईक म्हणतात "वयानं असं होतं", आपणही मान डोलावतो. पण डिलिरियम अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा शोधण्याजोगं कारण असतं: जंतुसंसर्ग, न शमलेलं दुखणं, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, एखादं नवीन औषध.

आता हाच प्रश्न कागदावर असा उतरतो: "खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत ६५ वर्षांवरच्या किती रुग्णांना डिलिरियम होतो, आणि त्यातल्या किती जणांची नोंद नर्सेस नोट्समध्ये सापडते?" यात माणसं कोण, जागा कुठली, काळ किती आणि मोजायचं काय, हे एका वाक्यात आलं. तुमचा प्रश्न असा एका वाक्यात मावत नसेल तर अजून आठ दिवस वॉर्डात घालवा. खिशात छोटी वही ठेवा आणि "हे असं का?" असं ज्या ज्या वेळी मनात येईल ते तिथेच लिहून ठेवा.

एक विनंती आहे. "अमुक विषयाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता" या साच्यातले प्रबंध आपल्या ग्रंथालयांत कपाटं भरून आहेत. शिकवलं की लगेच घेतलेल्या पोस्ट-टेस्टला गुण वाढणारच. त्यानं एकाही आजींचा बेडसोर (पडून राहून होणारी जखम) टळला का, ते कळत नाही. शिकवण्यावरच काम करायचं असेल तर मोजमाप पेशंटच्या अंगावर करा: कूस किती वेळा बदलली गेली, टाचा लाल झाल्या का, पाणी किती प्यायलं गेलं.

आपल्या व्यवसायात याची वाट फार पूर्वीच घातली गेली आहे. इंग्लंडमधल्या डोरीन नॉर्टन या नर्सनं सहकाऱ्यांसह रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला आणि तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी बेडसोर होऊ नये म्हणून पाठीला नाना तऱ्हेची मलमं आणि द्रावणं चोळत. नॉर्टन यांनी दाखवलं की खरं काम करतं ते वेळच्या वेळी कूस बदलणं. त्याच अभ्यासातून नॉर्टन स्केल आलं: पाच मुद्दे, प्रत्येकाला १ ते ४ गुण, आणि बेरीज १४ किंवा कमी आली की धोका. वॉर्डातल्या रोजच्या कामाकडे बघून विचारलेला प्रश्न होता तो.

२. "वृद्ध" म्हणजे किती वर्षांचे, ते ठरवा

आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वय ६० आहे. पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) "एज्ड" हा विषयशब्द ६५ च्या पुढच्यांसाठी आहे, आणि ८० च्या पुढच्यांसाठी वेगळा. त्यामुळे परदेशी आकड्यांशी तुलना करताना वयाची रेघ कुठे ओढली आहे ते आधी बघा. ६२ वर्षांच्या काकू आणि ८६ वर्षांच्या आजी एकाच रकान्यात टाकल्या तर दोघींबद्दलही काही कळत नाही.

वय काढणं हेही एक कामच आहे. आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असेल तर ती बहुधा अंदाजे टाकलेली असते. विचारलं तर उत्तर साठ, पासष्ट, सत्तर असं गोल येतं. मग घटनांचा आधार घ्या. पुण्याकडच्या माणसाला विचारा, "पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढे होता?" (जुलै १९६१). साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७). मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ. एका आजींनी सांगितलं, "दुष्काळात खडी फोडायला जायचे, थोरला झोळीत होता, एकोणिसावं लागलं असंल." म्हणजे जन्म १९५३ च्या आसपास. अशा घटनांची आपल्या तालुक्यापुरती यादी करून प्रश्नावलीला जोडून ठेवा.

३. वाचन

यावर फार लिहीत नाही, गाईड सांगतीलच. पबमेड फुकट आहे. जर्नल ऑफ जेरोन्टॉलॉजिकल नर्सिंग १९७५ पासून निघतंय. भारतातलं चित्र हवं असेल तर लासी बघा. लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया हे ते सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं परदेशी विद्यापीठांच्या साथीनं २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी केली आणि ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जणांची माहिती गोळा केली. ही माहिती संशोधकांना अर्ज केल्यावर मिळते. घरोघर फिरणं ज्यांना शक्य नाही, त्यांना यावर चांगला प्रबंध करता येतो.

वाचताना प्रत्येक लेखावर एवढंच लिहा: कुणावर केलं, कशानं मोजलं, कोणाला वगळलं. तिसरा मुद्दा विसरू नका, त्याकडे पुन्हा येणार आहे.

४. टूल निवडा, मग ते मराठीत आणा

टूल म्हणजे मोजायचं साधन. नवीन प्रश्नावली स्वतः बनवण्याचा मोह टाळा. तयार साधनं खूप आहेत. रोजच्या स्वावलंबनासाठी काट्झ (१९६३): अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-संडासवर ताबा आणि जेवण, असे सहा मुद्दे. बेडसोरच्या धोक्यासाठी नॉर्टन किंवा ब्रेडन. डिलिरियमसाठी कॅम, म्हणजे कन्फ्यूजन असेसमेंट मेथड (१९९०): बदल अचानक आणि कमीजास्त होणारा आहे का, लक्ष एका जागी राहतं का, बोलण्यात सुसंगती आहे का, जागेपणाची पातळी बदलली आहे का. यातले पहिले दोन हवेतच आणि उरलेल्या दोनांपैकी एक. उदासीसाठी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलची १५ प्रश्नांची आवृत्ती. चालण्यासाठी टाइम्ड अप अँड गो: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून यायचं, बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. ही चाचणी घेताना आजोबांच्या पायात त्यांचीच चप्पल आणि हातात त्यांचीच काठी हवी, खुर्चीला हात हवेत, आणि तीन मीटर टेपनं मोजून जमिनीवर चिकटपट्टी लावलेली हवी. "अंदाजे पाच पावलं" चालत नाही. वापरण्याआधी कुठल्या टूलला परवानगी वा पैसे लागतात ते तपासा.

आता मराठीचा भाग. शब्दाला शब्द ठेवून काम होत नाही. डिप्रेशन स्केलमध्ये कंटाळ्याचा प्रश्न आहे. "तुम्हाला वारंवार कंटाळा येतो का?" असं विचारलं की आजी म्हणतात, "कामाचा कसला कंटाळा?" तेच "करमत नाही असं होतं का?" विचारा, आजी थांबतात आणि खालच्या आवाजात सांगायला लागतात. लघवी, पाणी, परसाकडे, संडास, झाडा: कुठल्या गावात कुठला शब्द चालतो ते आशाताईला विचारून घ्या. पद्धत अशी: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्ही जुळवायची, मग मूळ टूल न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीनं ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि शेवटी आठ-दहा ज्येष्ठांसमोर वाचून विचारायचं, "यातून तुम्हाला काय समजलं?" ही शेवटची पायरी बहुतेक जणी गाळतात. खरं भाषांतर तिथेच होतं.

टूल आपल्या माणसांच्या जगण्याशी जुळतं का, हेही बघावं लागतं. स्मरणशक्तीच्या प्रसिद्ध परीक्षेत (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) वाचून दाखवणं आणि वाक्य लिहिणं येतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजी तिथे गुण गमावतात आणि कागदावर त्यांची बुद्धी क्षीण ठरते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी हे ओळखून नव्वदच्या दशकात हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार केलं. त्यात "डोळे मिटा" असं लिहिलेलं वाचायला न लावता "माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा" म्हणतात. लिहायला न सांगता घराबद्दल काहीतरी बोलायला सांगतात. मराठीतही विचार याच दिशेनं व्हायला हवा.

आणखी एक सापळा. स्वयंपाक, बाजारहाट, पैशाचे व्यवहार असं विचारणाऱ्या टूलमध्ये "करत नाही" आणि "करता येत नाही" यांत फरक करा. आजोबांनी जन्मात चुलीला हात लावला नाही, हा काही त्यांचा अपंगपणा नव्हे. आजींनी बँकेचं पासबुक कधी हाताळलंच नसेल, कारण कुणी दिलंच नाही. मी दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवते.

५. किती जण घ्यायचे

प्रमाण काढायचं असेल तर नेहमीचं सूत्र: १.९६ चा वर्ग गुणिले प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण), भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. अपेक्षित प्रमाण ३० टक्के आणि चूक ५ टक्क्यांची चालत असेल तर ३२३ माणसं लागतात. १० टक्क्यांची चालत असेल तर ८१. दहातला एक नाही म्हणेल असं धरून ८१ चे ९० करा. संख्याशास्त्रज्ञांकडे माहिती गोळा झाल्यावर जाऊ नका, सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहितानाच जा.

निवड करताना बोलकी, हसरी माणसं शोधू नका. ठरलेल्या तारखेपासून निकषात बसणारा प्रत्येक जण ओळीनं घ्या.

आता वगळण्याकडे येते. "ज्यांना ऐकू येत नाही, जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना विस्मरण आहे, त्यांना वगळले." हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता ते वाचताना वाईट वाटतं. ज्यांना शुश्रूषेची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच बाजूला केलं, मग अभ्यास उरला कुणाचा? ऐकू येत नसेल तर आपल्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढा, इअरपीस आजींच्या कानात घाला आणि डायफ्रामजवळ (छातीला लावतो त्या चकतीजवळ) तोंड नेऊन सावकाश, हळू आवाजात बोला. पहिल्यांदा असं ऐकल्यावर आजींचा चेहरा कसा उजळतो ते बघा. अंथरुणावरच्या माणसाकडे आपण जायचं. विस्मरण असलेल्यांबद्दल पुढच्या पायरीत सांगते.

६. परवानगी आणि संमती

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचल्याशिवाय एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, जाऊ नका. विद्यार्थ्यांच्या प्रबंधालाही कमिटीची मंजुरी लागते आणि ती माहिती गोळा करण्याआधी हवी. कुठला उपाय करून बघणार असाल (मसाज, व्यायाम, काहीही), तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणी करा. तिला पैसे पडत नाहीत, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधी केलेली नोंदणीच स्वीकारतात.

संमतीपत्र मोठ्या, ठळक अक्षरांत छापा. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत तटस्थ साक्षीदार. तुमची मैत्रीण किंवा वॉर्डातली सिस्टर तटस्थ नव्हे. वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मी काय करणार आहे ते तुम्ही मला सांगा बरं," असं म्हणा.

मुलगा म्हणतो, "मी सही करतो, त्यांना कशाला त्रास?" आजोबा शुद्धीवर आहेत, समजतंय त्यांना, तर सही त्यांचीच. विस्मरण इतकं असेल की निर्णय घेता येत नाही, तर कायद्यानं मान्य असलेला प्रतिनिधी संमती देतो. तरीही आजोबांना सोप्या शब्दांत सांगा, आणि त्यांनी मान फिरवली, हात झटकला तर थांबा. डिलिरियमच्या अभ्यासात तर संमती ऑपरेशनच्या आधीच घ्यावी लागते, नंतर उशीर झालेला असतो. आणि नकार दिला तर उपचारात काही कमी होणार नाही, हे युनिफॉर्ममध्ये असताना दोनदा सांगा. सिस्टरला नाही म्हणायला म्हातारी माणसं घाबरतात.

७. बसा आणि विचारा

वेळ सकाळची, अंघोळ-नाश्ता झाल्यावर. लघवी होण्याची गोळी घेतली असेल तर त्यानंतरचा तास-दीड तास सोडा. संध्याकाळी थकवा आणि गोंधळ वाढतो. एका बैठकीला अर्धा तास पुरे, उरलेलं उद्या. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं बसा, कॉटच्या उंचीवर. चष्मा आणि कवळी आधी शोधून द्या. काय हाक मारू, हे विचारून घ्या. सगळ्यांनाच "आजी" आवडत नाही, कुणाला "काकू", कुणाला "बाई" (निवृत्त शिक्षिका असतील तर हमखास). प्रश्न विचारला की गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात आपण बोललो की ते हरवतं.

माझ्या पहिल्या अभ्यासाची गोष्ट सांगते. विषय होता घरात पडण्याचा. साठ घरं झाली, पत्रक भरून गाईडकडे नेलं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: "गेल्या वर्षात पडल्या का? नाही. हे कोण म्हणालं?" मला सांगता येईना. साठातल्या निम्म्यांहून जास्त घरांत सून किंवा मुलगा शेजारी बसून बोलला होता, आणि मी ते वेगळं लिहिलंच नव्हतं. साठही घरं पुन्हा केली.

दुसऱ्या फेरीत एका घरी सूनबाईंना म्हटलं, "ताई, जरा पाणी आणता का?" त्या आत गेल्या. आजींना विचारलं, "आजी, गेल्या दिवाळीपासून कधी पाय घसरला, तोल गेला, असं काही?" आजींनी दाराकडे पाहिलं. "पडले नाही गं. मोरीत नुसती खाली बसले. दोनदा." मग लुगड्याचा काठ वर करून पिवळी पडलेली नडगी दाखवली. "सांगू नको आत. देवळात जायचं बंद करतील."

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणं म्हणजे पडणं. "नुसती खाली बसले" हे पडणंच. "पडलात का?" या शब्दाला आजी नाही म्हणणार, कारण त्या शब्दाला किंमत मोजावी लागते. आणि "गेल्या बारा महिन्यांत" यापेक्षा "दिवाळीपासून", "आखाडीपासून" जास्त नेमकं आठवतं.

आजींनी विश्वासानं सांगितलेलं घरात बोलायचं नाही. मी त्या दिवशी सूनबाईंना एवढंच म्हटलं, की मोरीत शेवाळ धरलंय, घासून घ्या आणि भिंतीला धरायला एक दांडा बसवा, सगळ्यांनाच बरं. कुणी मारहाणीचं, उपाशी ठेवल्याचं सांगितलं तर मात्र काय करायचं, हे अभ्यास सुरू होण्याआधीच गाईड आणि कमिटीशी ठरवून ठेवा.

८. आकडे भरताना

मास्टर शीटमध्ये पहिल्या रकान्यांतच "उत्तर कुणी दिलं: स्वतः / नातेवाईक / दोघांनी" हे घाला आणि विश्लेषणात त्यांना एकत्र करू नका. राहून गेलेल्या उत्तरासाठी ९९ हा कोड वापरू नका. आपल्या अभ्यासात ९९ वर्षांचे आजोबा खरोखर असू शकतात. ९९९ ठेवा. काट्झसारखे गुण हे पायऱ्या असतात, त्यांची सरासरी काढण्यापेक्षा मध्यक (ओळीनं मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) सांगा. जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरतं.

वय, लिंग, धर्म, शिक्षण, उत्पन्न अशा प्रत्येक गोष्टीशी काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी चाचणी) लावत सुटू नका. वीस चाचण्या केल्या की एखादी निव्वळ योगायोगानं "लक्षणीय" निघते. ज्या संबंधाचं कारण सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं, तोच तपासा. अपेक्षित निकाल आला नाही तर तसंच लिहा.

९. परत नेऊन द्या

प्रबंध बांधून विद्यापीठाकडे गेला की काम संपलं असं समजू नका. एका पानावर मराठीत निकाल लिहा आणि इन्चार्ज सिस्टरना द्या. "आपल्या वॉर्डात इतक्या जणांना डिलिरियम झाला, नोंद इतक्यांचीच होती, प्रत्येक ड्युटीला कॅमचे चार प्रश्न विचारूया." चार्टवर चार चौकोन छापून न्या, म्हणजे कुणाला वेगळा कागद शोधावा लागणार नाही. गावात अभ्यास केला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या पारावर संध्याकाळी अर्धा तास बसा आणि काय सापडलं ते कुणाचंही नाव न घेता सांगा. मी गेले तेव्हा त्या आजी काठी टेकत देवळातूनच आल्या, पुढे बसल्या, आणि बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "मोरीला दांडा बसवला गं. आता शेजारणीकडं पण जा, तीबी दोनदा बसलीय खाली."